माओरी मावशींचा एक ‘ने’

तोफांच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की माझ्या दुकानाच्या काचा थरथरतात. देवळाली कॅम्पात जन्म काढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. बोलता बोलता आम्ही तोफेपुरते थांबतो आणि वाक्य पुढे नेतो. पण मधली काही वर्षं त्या आवाजाबरोबर माझी नजर आपोआप दाराकडे जायची, कारण दुसऱ्या-तिसऱ्या तोफेला माओरी मावशी हजर. गुडघे दुखायचे म्हणून पायरी आडवं होऊन चढायच्या, पिशवी काउंटरवर ठेवायच्या आणि लग्नपत्रिका निवडायला आख्खं खानदान बसलेलं असलं तरी हुकूम सोडायच्या, "चल संजू, काढ लढाई."

लढाई म्हणजे त्यांची कादंबरी. माझं दुकान पत्रिकांचं, बिलबुकांचं आणि टायपिंगचं. मावशी सांगायच्या आणि मी टाइप करायचो. युद्धाची प्रकरणं फक्त फायरिंगच्या दिवशी. एरवी आल्या तर शेती, स्वयंपाक, बाळंतपणं असला मजकूर. "आवाज नसला का मला तोफ दिसत नाय रे," असं त्यांचं म्हणणं. त्यांचे दिवंगत यजमान तोफखान्यात हवालदार होते, सगळा संसार त्या आवाजात झालेला. तेव्हा या बाबतीत मी कधी हुज्जत घातली नाही. बाकी सगळ्या बाबतीत घातली.

त्यांचं खरं नाव सुमन. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून त्या न्यूझीलंडला गेल्या आणि परत आल्या त्या डोक्यात माओरी घेऊनच. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्या सांगत सुटल्या, की तिकडे मूळची माओरी म्हणून माणसं आहेत आणि दीडशे वर्षांपूर्वी गोरे त्यांच्या जमिनी घ्यायला गेले तेव्हा केवढं रण पेटलं. त्यावरून नाव पडलं, माओरी मावशी. आमच्या बाजारात ते फार दिवस सरळ टिकलं नाही. निम्मे लोक त्यांना ‘मोरे मावशी’ म्हणायला लागले. कुरिअरवाला तर पाकीट हातात घेऊन त्यांच्याच दारात त्यांना विचारायचा, "मोरे मावशी कुठं राहतात?" मावशी म्हणायच्या, "हितंच. दे हिकडं."

कादंबरीचं खूळ मात्र शिरलं एका टेकडीमुळे. त्या बाळंतपणानंतर काही वर्षांनी त्या पुन्हा तिकडे गेल्या होत्या. नात तन्वी तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. शाळेने आजी-आजोबांना मुलांबरोबर सहलीला नेलं. एका टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांसारखे टप्पे खोदलेले, कडेने जुने खंदक. बाकीच्या आज्या फोटो काढत होत्या. मावशी टेकडीला एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "ही तर आपल्या रामशेजची बहीण हाय." माओरी लोक अशा तटबंदीच्या गावाला ‘पा’ म्हणतात. लाकडी तट, तोफेचा मार मऊ पडावा म्हणून त्यावर चिवट पानांच्या जुड्या बांधलेल्या, आणि आत जमिनीखाली माणसं बसतील असे खड्डे. वर तोफा धडधडताहेत आणि माणसं खाली शांत बसलीत. लहानशा रामशेज किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं कसं झुलवलं हे नाशिकच्या पोरांना पाळण्यातच ऐकवतात, त्यामुळे मावशींना ते समजावून सांगावं लागलं नाही.

मी एकदा विचारलं, "मावशी, जग सोडून तुम्हाला हाच विषय कसा सापडला?"  त्या म्हणाल्या, "जन्मभर तोफेच्या मागं राह्यले रे. हवालदार घरी यायचे, कान बसलेले, मी पाणी द्यायची, संपलं. तोफेच्या पुढं कोण असतंय, ते कधी मनातच आलं नाय. त्या खड्ड्यात वाकून बघितलं न मंग आलं."

तर या कादंबरीची नायिका म्हणजे ‘पा’मधली एक तरुण बाई. तिचं नाव मावशींनी ठेवलं हिने. तिकडे हे नाव बायकांचं असतं. इथे माझ्या हालांना सुरुवात झाली. ‘हिने खंदक खणला’ असं त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. वाचून दाखवलं तर मावशी चिडल्या. "हिनेने! नावच हिने हाय तिचं. सुमनने, तसं हिनेने." म्हणून मी ‘हिनेने’ करायला लागलो. पण पुढे प्रूफं वाचताना ते विसरलो आणि मला वाटलं, घाईत ‘ने’ दोनदा पडलाय. मी पत्रिकांच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे एक अक्षर जास्त झालं तर नवरदेवाचा बाप दुकानात येऊन बसतो. मी इमानेइतबारे सगळे जादा ‘ने’ उडवून टाकले. मावशींनी छापील पानं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे, आता सगळं कुणीतरी हिने केलं न् तिने केलं असंच झालं की! माझी पोरगी गेली कुठं?" घरी मी पानं मोठ्याने वाचायचो त्याची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या घरात ‘हिने’ म्हणजे बायको. ‘हिने भाला उचलला’ हे वाक्य ऐकून आमची ही स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली होती.

मावशींच्या हातात पडलं की माओरी लोक पार नाशिक जिल्ह्याचे होऊन जायचे. रताळी हे तर त्यांचं मुख्य पीकच. त्यावर मावशींनी एवढं लिहवून घेतलं की मी म्हटलं, एकादशीचं पुस्तक होतंय हे. तिकडे ‘तापू’ म्हणून एक मोठी गोष्ट असते. काही जागांना, काही वस्तूंना हात लावायचा नाही, काही माणसांना काही काळ शिवायचं नाही. मावशींनी सरळ ‘सोवळं’ घातलं. पंचवटीतले एक गुरुजी मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला बसले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "त्यांच्यात सोवळं कितपत कडक असतं हो?" मावशी म्हणाल्या, "मोडलं तर माणूस मरतंय." गुरुजी एकदम खूश झाले. "असं पाहिजे," म्हणाले, आणि त्या नादात मुलाच्या आजोबांचं नाव चुकीचं छापून घेऊन गेले.

आणि तरी मावशींनी गोऱ्यांना नुसतं खलनायक केलं नव्हतं. जमिनीसाठी आलेल्या एका वसाहतवाल्याची बायको होती त्यात. घराला धड भिंती नाहीत, मूल तापाने फणफणलंय, नवरा बंदूक घेऊन गेलाय. तिचं प्रकरण सांगताना मावशींचा आवाज बदलायचा. "हिला कुणी विचारलं व्हतं? बोटीत घातली न आणली. मला नाय का, लग्न झालं न पिंपळगावातनं उचलून देवळालीत आणून टाकली." मात्र लाल डगलेवाल्या पलटणी आल्या की त्यांचा चेहरा पुन्हा कडक. आपल्याकडचं सत्तावन्न मोडून त्यातल्या काही पलटणी थेट तिकडे गेल्या होत्या, हे कळल्यापासून त्या लढाईला त्यांनी घरचं भांडणच मानलं होतं.

तन्वीशी त्यांचं फोनवर रोज बोलणं व्हायचं. आपली सकाळ म्हणजे तिकडची दुपार उलटलेली, पोर शाळेतून आलेली असायची. एकदा त्या फोन घेऊन जवळजवळ पळतच दुकानात आल्या. तन्वीने नवा शब्द सांगितला होता, ‘उतू’. माओरी माणूस उतू सोडत नाही. कोणी आपल्याला काही केलं की त्याची परतफेड झालीच पाहिजे, मग पिढ्या गेल्या तरी बेहत्तर. "कळलं का संजू? तिकडं उतू, न आपल्यात उट्टं! उट्टं काढणं! एकाच आईची लेकरं हायेत ही." मी म्हटलं, मावशी, असं भाषाशास्त्र चालत नाही, आपल्याकडे दूधही उतू जातं. पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या दिवसापासून कादंबरीभर उट्टंच उट्टं झालं. हिनेचा भाऊ पहिल्याच हल्ल्यात मारला गेला होता, आणि आता पुस्तकाचं शेवटचं पान म्हणजे तिने काढलेलं उट्टं, असं त्यांनी मला बजावून सांगितलं.

एवढ्या जोराने का, ते मला हळूहळू कळलं. मावशींची धाकटी बहीण शकू पिंपळगाव बसवंतला असते. दोघींचं बोलणं बंद होतं. त्यांची आई शकूकडे असायची आणि तिथेच गेली. शकूने कळवलं ते आई गेल्यावर. मावशी पोहोचल्या तेव्हा आईला अंगणात आणलेलं होतं. "आईच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं राह्यलं माझं," त्या म्हणाल्या. "थोरली मी. न पाणी हिने घातलं, हिने एकटीने. मला सांगायला एक फोन नाय झाला हिच्याच्याने." हे त्या रडत सांगत नव्हत्या. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या, आणि ते ऐकायला जास्त जड गेलं.

त्याच सुमाराला तन्वीने दुसरी एक गोष्ट सांगितली आणि कादंबरीचा गाडा चिखलात रुतला. तिकडच्या एका लढाईत म्हणे गोऱ्यांनी दिवसभर तोफा डागल्या, मग आत घुसले, आणि जमिनीखालच्या माणसांनी त्यांना पार पिटाळून लावलं. जखमी गोरे खंदकात पडून पाणी पाणी करत होते. तर ‘पा’मधली एक बाई पाण्याचं भांडं घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि तिने शत्रूला पाणी पाजलं. ही घडलेली गोष्ट, आजही तिथे सांगतात. तन्वीचं म्हणणं, आजी, तुझ्या हिनेनेही तसंच करायला हवं.

मावशी खवळल्या. "पाणी? त्यांना? तिच्या भावाला मारलंय त्यांनी! कोण देईल का पाणी?" मी म्हटलं, मावशी, पण खरंच दिलंय. "दिलं असंल तिने. माझी हिने नाय देणार." त्यानंतर फायरिंग व्हायचं, काचा थरथरायच्या, मावशी यायच्या, खुर्चीवर बसायच्या, आणि एक ओळ सांगायच्या नाहीत. हिने हातात भाला घेऊन खंदकाच्या काठावर उभी, खाली तो जखमी. महिने गेले, पोरगी तशीच उभी. इकडे मुलीने मावशींचं तिकीट काढलं. गुडघे गेले होते, एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, त्यांनी एकटं राहणं आता शक्य नव्हतं. यावेळी जाणं म्हणजे कायमचं, हे सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त कोणी म्हणत नव्हतं. "अर्धवट टाकून जाते बघ सगळं," त्या एकदा म्हणाल्या. मला वाटलं, कादंबरीविषयी बोलताहेत.

मग तन्वीनेच कोडं घातलं आणि आमच्या घरच्या ‘हिने’ ते सोडवलं. झालं असं, की त्या दिवशी मावशी दुकानात बसून फोनवर नातीशी वाद घालत होत्या. तन्वी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होती, की आजी, उतू म्हणजे फक्त वाईटाचं नाही. कोणी चांगलं दिलं तर तेही परत द्यायचं असतं, थोडं जास्तच. नाहीतर दोन माणसांतलं सगळं बिघडतं. मावशी म्हणाल्या, "मंग ते उट्टं कसं? चांगल्याचं उट्टं नसतंय बाई. असा शब्दच नाय आपल्यात." तेवढ्यात माझी बायको दुकानात आली. मावशींनी आदल्या आठवड्यात आम्हाला शेंगोळे पाठवले होते, तो डबा ती परत घेऊन आली होती. डब्यात लिंबाचं लोणचं. मावशी सवयीने म्हणाल्या, "अगं कशाला?" आणि ही सवयीने म्हणाली, "रिकामा कसा देऊ मावशी?"

मावशींनी झाकण उघडलं, लोणचं बघितलं, झाकण लावलं. पुन्हा उघडलं. फोनवर पोरगी आजी, आजी करत होती. मावशी तिला म्हणाल्या, "तन्वी, सापडलं गं. शब्द नाय. डबा हाय." मग त्यांनी फोन बंद केला आणि डबा जवळ ओढला.  म्हणाल्या, "माझ्याकडं शकूचा डबा हाय. हवालदार मिलिटरी दवाखान्यात व्हते तेव्हा तिने मनुका पाठवल्या व्हत्या त्यांच्यासाठी. घरच्या वाळवलेल्या. त्यानंतर आई गेली. डबा तसाच फळीवर. रिकामा द्यायचा नाय न भरायला हात व्हत नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी व्हॅन चालू हाय का रं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मावशींनी डबा रताळ्याच्या घाऱ्यांनी भरला होता आणि तो मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. हायवेला कांद्याचे टेम्पो आमच्या पुढे, द्राक्षांचे मागे. ओझर गेलं तसं त्यांनी दोनदा सांगितलं, "वळव गाडी." मी ऐकू न आल्यासारखं केलं. शकूमावशींचं घर द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या मागे, अंगणात मनुका वाळवायच्या जाळ्या. त्या दारातच होत्या. आम्हाला बघून एक शब्द न बोलता आत गेल्या. मावशींचा चेहरा उतरला. माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "चल, बघितलंस ना?" पण शकूमावशी बाहेर आल्या त्या पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी, एवढंच त्यांनी केलं. मावशी उभ्याच होत्या. तांब्या घेईनात.

शकूमावशींनी तांब्या तसाच पुढे धरून ठेवला. म्हणाल्या, "अक्का, आईनेच शपथ घातली व्हती. दाजी दवाखान्यात, तिकडं एक पाय, हिकडं एक पाय, सुमी मधल्यामधी मरंल म्हणली. कळवू नको म्हणली. मी आईचं नाव कसं घेऊ सांग." मग आवाज फुटला त्यांचा. "दोन चमचे पाणी घातलं अक्का मी. एक माझा म्हणून घातला. मंग तिच्या कानात सांगितलं, आई, हा सुमीचा. तो पण घेतला तिने." मावशींनी तांब्या घेतला आणि वरून न पिता, तोंडाला लावून घटाघटा संपवला. मग दोघी त्या मनुकांच्या जाळ्यांशेजारी जमिनीवर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. डबा माझ्या हातात राहिला होता. मीही तिथे उभा राहून रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढच्या फायरिंगला मावशी आल्या. पायरी आडवं होऊन चढल्या, पिशवी ठेवली. "काढ लढाई." एका बैठकीत शेवटचं प्रकरण सांगून झालं. हिने खंदकात उतरते. भाला वर काठावरच राहतो. ज्याला पाजायचं तो तिच्या भावाला मारणाराच आहे की दुसरा कोणी, ते तिला अंधारात ओळखू येत नाही, आणि ती बघायलाही थांबत नाही. मग मावशींनी शेवटची ओळ सांगितली, "हिने पाणी दिलं."

मी एव्हाना तयार झालेला गडी. म्हटलं, "मावशी, हिनेने ना?"

 "नाय. हितं एकच ने ठेव," म्हणाल्या. "दोघींना पुरंल, तिला न शकूला."

मावशी न्यूझीलंडला निघाल्या त्या दिवशी शकूमावशी आणि आम्ही सगळे त्यांना सोडायला होतो. पुढची दोन वर्षं फोनवर त्या तिकडच्या थंडीला शिव्या घालायच्या आणि आज फायरिंग आहे का, असं विचारायच्या. असलं तर मी फोन काचेला लावून धरायचो. गेल्या हिवाळ्यात त्या तिकडेच गेल्या. तन्वीने कळवलं. तिने आजीच्या तोंडात पाणी घातलं होतं, आणि मराठीत, तुटक तुटक, मला एवढंच म्हणाली, "संजूमामा, दोन चमचे." शकूमावशींचा डबा अजून त्यांच्या आणि आमच्या घरात ये-जा करतो. तो रिकामा जाऊ द्यायला आम्ही दोघंही तयार नाही, म्हणून आमचं उट्टं काही फिटत नाही.

‘हिनेचा किल्ला’ या नावाने कादंबरीच्या थोड्याच प्रती काढल्या होत्या, पण त्या हातोहात फिरत असतात. अधूनमधून कोणीतरी वाचक प्रत घेऊन माझ्याकडे येतो. परवा एक निवृत्त मास्तर भर उन्हात नाशिकरोडहून आले. शेवटचं पान उघडून, लाल पेन्सिलीने केलेली खूण दाखवत म्हणाले, "पुस्तक उत्तम आहे हो, एकही चूक नाही. पण ऐन शेवटी तुमचा एक ‘ने’ गळलाय." घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "तो गळलेला नाही मास्तर. सांगतो. पण आधी बसा, पाणी घ्या."